दहा मात्रांची कुपी

बुधवारी दुपारी पाळणाघरातून फोन आला. एका मुलाच्या अंगावर सकाळी पुरळ उठलं होतं. तीन दिवस ताप, खोकला, डोळे लाल. डॉक्टरांनी गोवर सांगितला होता. मी आरोग्य केंद्रातली परिचारिका. शीतपेटी भरायला सांगून आधी पाळणाघर गाठलं.

पहिल्यांदा हजेरीपुस्तक मागितलं. गोवर पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासून पसरतो. शनिवार-रविवार पाळणाघर बंद, मंगळवारी मूल घरी. उरला सोमवार. ताईंनी समासात लिहिलं होतं : 'सकाळी 9 ला आला. 3 वाजता ताप, आईला बोलावलं.' आईने सकाळी तापाचं औषध पाजून सोडलं होतं. दारावर 'आजारी मुलांना आणू नये' अशी पाटी आहे. पण एक खाडा झाला की पगार कापला जातो, त्या बाईने पाटी वाचून करायचं काय? मला तरी तिचा राग आला नाही.

संपर्कानंतर 72 तासांत लस दिली तर आजार टळू शकतो. म्हणजे गुरुवारी सकाळी 9 पर्यंतच हातात वेळ. बाकीच्या 19 मुलांची कार्डं टेबलावर पसरली. अकरा जणांचे दोन्ही डोस पूर्ण. दोघं सहा महिन्यांच्या आतली. त्यांना ही लस देत नाहीत, म्हणून 6 दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मिळावं यासाठी लगेच रुग्णालयात पाठवलं. सहा कार्डं अर्धवट. सहाही घरी फोन केले. कुणाचाच लसीला विरोध नव्हता. केंद्रात लस सकाळी 9 ते 12, आणि त्या वेळी सगळे कामावर.

म्हणून सत्र संध्याकाळी साडेसहाला, मुलांना न्यायला येतात तेव्हा, पाळणाघरातच लावलं. वरून विचारणा झाली : सहा मुलांसाठी दहा मात्रांची कुपी फोडणार? द्रावक मिसळलं की काही तासांतच संपवावी लागते, उरेल ती टाकायची. फोडली. सातला पाच मुलं झाली. सहाव्याचे वडील धावत आले ते पावणेआठला. दोन ताईंना आपली लस झाली होती की नाही हे आठवेना. गरोदर नाहीत ना, एवढं विचारून त्यांनाही टोचली.

पुढच्या आठवड्यात पत्र आलं : दोन मात्रा वाया का गेल्या, खुलासा करावा. केला. सोबत त्या सहा कार्डांच्या प्रती जोडल्या, आणि सत्राच्या वेळेखाली लाल पेनाने रेघ मारली.