बाईंचे चाळीस दिवस

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे समितीचे पत्र आले आणि डोळ्यांसमोर बाई उभ्या राहिल्या. लिहायला मुख्याध्यापक आहेत, जिल्ह्यात गाजलेला कबड्डीचा संघ आहे, पावसात गळणारी प्रयोगशाळा आहे. ते इतर लिहितीलच. मी बाईंविषयीच लिहिणार. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेतल्या माणसाला सांगावे लागत नाही. साताऱ्याच्या सदर बझारातून चालत येणाऱ्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, मराठी शिकवता शिकवता अख्खे जग शिकवणाऱ्या बाई.

बाई ख्रिस्ती होत्या. आमचे घर माळकरी. आई एकादशी करायची, वडील चैत्रात शिखर शिंगणापूरला जायचे. त्यामुळे उपवास मला नवा नव्हता. पण माघ-फाल्गुनात कधीतरी मधल्या सुट्टीत बाईंचा डबा दिसेनासा व्हायचा आणि तो थेट ईस्टरनंतरच दिसायचा, याचे मला कोडे पडले होते. वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेलो असताना विचारलेच, "बाई, तुमचा एवढा मोठा कसला उपवास?"

त्यांनी आधी मला गप्प राहायची खूण केली. मग हळू आवाजात सांगितले, की प्रभू येशूने कामाला लागण्याआधी चाळीस दिवस अरण्यात उपास केला, त्याची ही आठवण. राखेच्या बुधवारी सुरुवात होते. माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे, हे त्या दिवशी स्वतःला बजावायचे. मधले रविवार चाळिसात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार येशूच्या पुनरुत्थानाचाच. "आणि हे बघ, देवाला खूश करायला हा उपवास नसतो. पोटात भूक उठली की ज्याला रोजच भूक असते तो आठवला पाहिजे. माझी वाचलेली भाकरी त्याच्या ताटात गेली नाही तर मी नुसतीच उपाशी राहिले." बायबलमधल्या यशया संदेष्ट्याने हेच सांगितले आहे, हे मी फार पुढे वाचले. त्यांची भाकरी कुठे जात होती, ते मात्र कधीच कळले नाही. विचारलेले त्यांना आवडलेही नसते.

गुड फ्रायडेची सुट्टी दरवर्षी वेगळ्या तारखेला का, हा वर्गातला जुना प्रश्न. बाईंनी एकदा व्याकरण बाजूला ठेवून फळ्यावर सूर्य, चंद्र आणि आठवड्याचे वार काढले. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्या पाठचा रविवार म्हणजे ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण; गुड फ्रायडे त्याच्या आधीचा शुक्रवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच येतो. "म्हणजे आपली कधी फाल्गुनी, कधी चैत्री पौर्णिमा!" असे मागून कोणीतरी ओरडले, तेव्हा बाईंना काय आनंद झाला होता! आपल्या साताऱ्यातच १९१७ साली कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा स्थापला, हेही त्याच तासाला कळले. आपल्या मातीतला ख्रिस्त, असे बाई म्हणायच्या.

पण मला सांगायची आहे ती वेगळीच गोष्ट. नववीत असताना वाचनालयाचे एक पुस्तक सापडेना. नोंदवहीत ज्याच्या नावावर होते, तो म्हणत होता, "परत दिलंय." बाईंचा विश्वास बसला नाही. सगळ्यांसमोर बोलल्या आणि त्याला तासभर दाराबाहेर उभे केले. संध्याकाळी ते पुस्तक बांधणीला काढलेल्या गठ्ठ्यात निघाले.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पण हजेरी काढली नाही. सरळ खिडकीजवळच्या त्याच्या बाकापाशी गेल्या. तो गडबडून उभा राहिला. अंगात मोठ्या भावाचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. बाई म्हणाल्या, "काल मी तुझ्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी होती. मला माफ कर." तो नुसता बाही उलगडत होता आणि पुन्हा दुमडत होता. शेवटी पुटपुटला, "असू दे, बाई."

"असू दे नको म्हणूस. माफ केलंस का, ते सांग."

"केलं, बाई."

मग त्यांनी हजेरी घेतली. आमच्या काळात शिक्षक मुलाची माफी मागत नसत. मला राहवले नाही. मी नंतर विचारले, एवढे सगळ्यांसमोर कशाला? "आळ सगळ्यांसमोर घेतला, मग माफी कोपऱ्यात कशी मागू? आमचे हे दिवस त्यासाठीच असतात रे. जेवण सोडणं सोपं आहे." उपवास झाकून ठेवणाऱ्या बाईंनी माफी मात्र उघड मागितली. चाळीस दिवसांचा अर्थ मला त्या दिवशी जेवढा कळला, तेवढा पुढच्या वाचनाने कळला नाही.

नोकरीला लागल्यावर एका उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी बाईंबरोबर चर्चमध्ये बसलो. बारा ते तीन, क्रुसावरच्या सात उद्गारांवर प्रवचने. पहिलाच उद्गार क्षमेचा: "हे बापा, त्यांना क्षमा कर." खिळे ठोकणाऱ्यांसाठी, आणि तोही त्यांनी न मागता! बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला नववीचा वर्ग दिसत होता.

पाटबंधारे खात्यात मी कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. कालव्याच्या पाळ्यांवरून शेतकरी चिडून यायचे, तेव्हा खुर्चीतून उठून त्यांच्याजवळ जायची सवय बाईंनी लावली, असे मी मानतो. आता गुड फ्रायडे म्हणजे जोडून आलेली सुट्टी आणि महाबळेश्वरच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा. ही सुट्टी कशाची, हे माझ्या नातवाच्या वर्गात कोणी विचारत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपला कौलारू वर्गही पाडला. तो राहायला हवा होता.

समितीने बाईंच्या स्मरणार्थ गरजू मुलांसाठी निधी उभारायचे ठरवले आहे. फार चांगले केले. एकच विनंती आहे. देणगीदारांची नावे आणि रकमा संगमरवरी फलकावर कोरू नयेत. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे बाईंच्या शास्त्रात आहे आणि त्या तसेच वागल्या. फलकाचा खर्च वाचेल, त्यात दोन मुलांचे गणवेश होतील.