तार

गावाकडच्या घराला रंग द्यायचा म्हणून परवा दुपारी भिंती मोकळ्या करत होतो. कॅलेंडरं उतरली, आरसा उतरला, खुंटीला आण्णांची तार तेवढी राहिली. सायकलचा स्पोक. वर आकडा, खाली डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची गोल चकती. तुमच्याही घरी असणार, सांगत बसत नाही.

लाईटबिल, सोसायटीची पावती, माझ्या शाळेची फी, सगळं त्या तारेला. सर्वांत जास्त कांद्याच्या पट्ट्या, म्हणजे अडत्याकडचे विक्रीच्या हिशेबाचे कागद. आण्णा कागद मधोमध टोचायचे, म्हणजे नेमका आकड्यावर. त्यामुळं कुठल्या साली किती मिळाले, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नाही.

आमचं रान मंगळवेढ्याकडचं, काळं. शाळू जमिनीतल्या ओलीवर यायचा, त्याची फार काळजी नसे. विहिरीवरचा दीड एकर कांदा मात्र रात्रीच्या लाईटीच्या हवाली. आण्णा दोनला उठून मोटर चालू करायचे, पाण्याची दारं धरता धरता उजाडायचं. चिखलाचे पाय तसेच घेऊन धारेला बसायचे.

कांदा सोलापूरला गेला की परतायला शेवटची एस्टी. हातात भत्त्याचा पुडा, कायम पावशेराचाच, त्यामुळं पुड्यावरून भाव कळत नसे. बरा भाव असला की आण्णा पट्टी बल्बखाली धरून मोठ्यानं वाचायचे. हमाली एवढी, तोलाई एवढी, गाडीभाडं एवढं. पडलेला असला की पाय धुवायच्या आधीच टोचायचे. टक्. आई मग काही न विचारता ताट वाढायची. आम्ही भत्त्यातले शेंगदाणे वेचत बसलेलो.

2023 साली बार्शीकडच्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचा 2 रुपयांचा चेक मिळाला. ते वाचून माझ्या मनात आधी हेच आलं, त्याच्या घरी तार असेल का?

2016 ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी सोलापुरातून उत्साहानं फोन केला होता.

"आण्णा, आपल्या मालदांडीचं नाव झालं!"

"कागद आलाय का?"

"तसा घरी नाही येत ओ."

"मग टोचू काय?"

परवा वाटलं, एकदा सगळी तार वाचून काढावी. वरचे सात कागद निघाले. पुढचे गंजानं एकमेकांना धरून बसलेले, ओढले की फाटत होते. तेवढ्यात रंगवाला आला. सात कागद परत ओवायला गेलो, तर जुनी भोकं सापडेनात. शेवटी दाबून बसवले. आता त्या सात कागदांना दोन-दोन भोकं आहेत.