शेवटी ग्राफमध्ये सरळ चढती रेष आली!

चार दिवस अमायलेजच्या मागे लागलेय. लाळेतलं, स्टार्चची साखर करणारं एन्झाइम, १ टक्का स्टार्च, ३७ डिग्री, पीएच ६.९, सगळं नीट, तरी ग्राफ सपाट, ३ मिनिटं ठेवा की १५, ५४० नॅनोमीटरला रीडिंग जवळपास तेच. मला वाटलं डीएनएसए (साखर असली की रंग बदलणारं रसायन, त्याच रंगाचं हे रीडिंग) खराब झालंय, ते परत बनवलं, तरी तेच!! आज डबा खाताना एकदम डोक्यात आलं की अगं एन्झाइमच जास्त होतंय, पहिल्या दोन मिनिटांतच सगळं स्टार्च उरकतंय मग पुढे वाढणार काय. मग लाळ ५० पट, २०० पट करत ५०० पट पातळ केली, पण साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, आणि रीडिंग फारच पडलं. या एन्झाइमला क्लोराइड लागतो हे एमएस्सीला पाठ केलेलं, पण खरं कळलं ते आज, बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) चिमूटभर मीठ गेल्यावर. ० ते ५ मिनिटं, एकदम सरळ चढती रेष, खूप खूप आनंद झाला, आईला फोन करून सांगितलं, तिला काही कळलं नाही पण तीही खूश झाली. उद्या हेच पीएच ५.६ ते ८ वर करून बघायचं, टेस्ट ट्यूब धुवून ओव्हनमध्ये ठेवल्यात.