प्रेफरन्स फॉर्म आणि घरातले तज्ज्ञ

आज दिवसभर घरात एकच विषय, प्रेफरन्स फॉर्म. नीट म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा झाली, निकाल लागला, राज्याची मेरिट लिस्ट आली, आता काय नुसतं कॉलेज मिळायचंय असं मला वाटत होतं पण खरा गोंधळ आत्ता सुरू झालाय. सरकारी, महापालिकेची, खाजगी सगळी धरून पन्नासच्या वर एमबीबीएसची कॉलेजं आहेत महाराष्ट्रात आणि ती आपण आपल्या हाताने एकाखाली एक लावायची. बायोलॉजीच्या पेपरात निदान चारच पर्याय असायचे.

सकाळी सकाळी काकांचा फोन. काकांकडे मागच्या वर्षीच्या कटऑफची प्रिंट आहे, तिच्यावर हिरव्या नि लाल पेनाने खुणा केल्यात, आणि त्यांचं म्हणणं एकच, "बाळा, जिथे नक्की लागतंय ते वर टाक, वरचे नंबर फुकट घालवू नकोस." हेच वाक्य मी क्लासच्या सरांकडून ऐकलंय, शेजारच्या काकूंकडून ऐकलंय, आणि पैसे घेऊन लिस्ट बनवून देणारा एक कौन्सेलिंगवाला आहे तोही हेच म्हणत होता, फक्त त्याच्याकडे लॅपटॉपवर एक्सेल होतं.

पण असं नसतंच ना! मी बाबांना चार वेळा समजावलं. कॉम्प्युटर मेरिटप्रमाणे एकेका मुलाकडे येतो. माझा नंबर आला की माझ्या लिस्टमधलं पहिलं कॉलेज बघणार, माझ्या कॅटेगरीची सीट शिल्लक आहे का, नाही, मग दुसरं, मग तिसरं, जिथे सीट दिसेल तिथे थांबणार. माझ्या मागच्या मुलाने तेच कॉलेज एक नंबरला टाकलं असलं आणि मी बारा नंबरला टाकलं असलं तरी तो मागेच राहतो, कारण आधी माझी अख्खी लिस्ट संपणार आणि मगच त्याचा नंबर. म्हणजे मी मुंबईचं केईएम, पुण्याचं बी.जे. वर टाकलं आणि नाही मिळालं तर माझं काहीही जात नाही, जे खाली मिळायचं ते मिळतंच. उलट जे खरं हवं होतं तेच मी घाबरून खाली ढकललं तर वरचं लागल्यावर कॉम्प्युटर तिथेच थांबणार, खाली बघणारच नाही. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "हो पण काका म्हणतायत ना."

एक गोष्ट मात्र काकांची बरोबर आहे, जिथे जायचंच नाही ते नाव उगाच टाकायचं नाही, कारण लागलं आणि घेतलं नाही तर पुढच्या राउंडचे नियम आडवे येतात.

आणि कटऑफचं तर काय सांगू. सगळे मार्क बघतात. 2024 ला 720 पैकी 720 वाले सुधारित निकालात सुद्धा 17 जण होते, आणि 2025 ला पेपर असा आला, विशेषतः फिजिक्स, की देशात पहिला आलेल्या मुलाला 686. आता मागच्या वर्षीच्या मार्कांचा आकडा माझ्या मार्कांशेजारी ठेवून कुणी सुस्कारा सोडला की मला हसू येतं. बघायचा असेल तर एसएमएल नंबर बघा, म्हणजे राज्याच्या मेरिटमधला नंबर, कारण पेपर सोपा असो की अवघड, नंबर मोजायची पद्धत तीच राहते. तोही अंदाजच, सीटा वाढतात, नवी कॉलेजं येतात. पण अंदाज तरी सरळ.

मग दुपारी सगळे झोपल्यावर मी एकटी बसले लॅपटॉप घेऊन. म्हटलं काकांची प्रिंट बाजूला, बाबांची लिस्ट बाजूला (बाबांनी लग्नपत्रिकेच्या मागे लिहिलीय, कॉलेज, त्यापुढे घरापासून किती किलोमीटर, आणि रेल्वे आहे की नाही), आता मला काय पाहिजे ते लावते. आणि पहिल्या दोन-तीन नावांनंतर हात थांबलाच. खरंच मला माहीत नव्हतं. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ "सरकारी एमबीबीएस" एवढंच म्हणत होते, कुठलं हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. मिरज की यवतमाळ? अकोला की धुळे? का? या "का" ला माझ्याकडे उत्तर कटऑफचंच होतं. ज्याचा कटऑफ जास्त ते चांगलं. म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांनी जे लावलं ते मी लावणार, आणि त्यांनी त्यांच्या मागच्या वर्षीच्यांचं बघून लावलं असणार.

म्हणून एका सीनियर ताईला फोन केला, ती आता इंटर्न आहे. तिने कॉलेजचं नाव न घेता तीन प्रश्न सांगितले. ओपीडीला पेशंट किती येतात, डिलिव्हऱ्या किती होतात, आणि हॉस्टेल कॅम्पसमध्येच आहे का. म्हणाली बिल्डिंग नवी की जुनी ते बघू नकोस, वॉर्ड भरलेला आहे का ते बघ, पेशंटच नसेल तर हात कशावर बसणार. ती बोलता बोलता जेवत होती, मधेच म्हणाली थांब कॉल आलाय, आणि मग अर्ध्या तासाने परत फोन केला आणि जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू. मला ते फार आवडलं, का ते सांगता येत नाही.

या हिशोबाने लिस्ट बरीच हलली. अंबाजोगाईचं एसआरटीआर काकांच्या लिस्टमध्ये पार तळाला होतं, ते मी वर घेतलं. ग्रामीण भागातलं जुनं कॉलेज आहे, आजूबाजूच्या गावांतले पेशंट तिथेच येतात. बाबा खूश, कारण किलोमीटर कमी.

संध्याकाळी मावशी आली. ती तिच्या वेळी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजच्या परीक्षेला बसली होती. तेव्हा त्या कॉलेजची स्वतःची वेगळी प्रवेश परीक्षा असायची आणि त्यात फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर गांधी विचारांचा एक पेपर! मला आधी खोटंच वाटलं. नीट आल्यावर ते बंद झालं. मावशीचं तिथे झालं नाही, ती बीएस्सीला गेली, पण म्हणाली त्या पेपरासाठी जे वाचलं तेवढंच अजून लक्षात आहे, केमिस्ट्री सगळी गेली. मी म्हटलं मावशी, आम्हाला डॉक्टर का व्हायचंय हे अख्ख्या प्रोसेसमध्ये कुणी एकदाही विचारत नाही गं. मार्क, कॅटेगरी, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, जातीची व्हॅलिडिटी, फिटनेस सर्टिफिकेट, सगळं विचारतात. ती म्हणाली विचारलं असतं तर पाठ करून आली असतीस. तेही खरंय, त्याचेही क्लास निघाले असते.

सेवाग्राम आता माझ्या लिस्टमध्ये चौथ्या नंबरवर आहे. मावशीसाठी नाही, तिथे सुरुवातीलाच पोरांना आश्रमात शिबिराला नेतात आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, तिथल्या घरांत सारखं जावं लागतं, ते मला बघायचंय. खादी घालावी लागते म्हणे. आई म्हणाली इस्त्री कोण करणार, तू?

फॉर्म अजून लॉक केलेला नाही. बाबा म्हणतायत काकांना एकदा दाखवू, मी म्हणतेय लॉक करून दाखवू. उद्या सकाळी झेरॉक्सचे सेट करायचेत, दहावीच्या मार्कशीटचा स्कॅन परत काढायचाय कारण साइझ बसत नाही, आणि मग दुपारी शांत डोक्याने वरपासून खालपर्यंत एकदा वाचून बटण दाबणार. यवतमाळ नि अकोल्याचं अजून ठरत नाहीये.