दहावीच्या मुलाला माटोळी बांधू द्या

गोव्याहून फोन आला की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘तिकडची पोरं आईबापाचं ऐकत नाहीत म्हणतात, खरं काय गो?’ मावशी विचारते, माहेरचे शेजारी विचारतात. ज्यांची स्वतःची मुलं आता दहावी-बारावीला आहेत त्या माझ्या फोंड्याच्या शाळामैत्रिणी तर हल्ली जरा काळजीनंच विचारतात. मी लॉस एंजेलिसला राहते, माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. फोनवर या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते. याच शहरातला एक मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हाच विषय धरून बसला आहे. त्याला जे सापडलं ते डिचोली-साखळी-फोंड्याच्या घरांत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं. माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट; तिच्याकडे मी पुढे येतेच.

त्यांचं नाव अँड्र्यू फुलिग्नी. ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, म्हणजे यूसीएलएमध्ये प्राध्यापक आहेत. मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत समुपदेशक बाईंनी त्यांचा उल्लेख केला आणि मी त्यांचे लेख शोधून वाचत गेले.

१९९९ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहावी आणि बारावीतल्या ८०० हून जास्त मुलांना विचारलं, की घरकामाला हात लावणं, धाकट्या भावंडांना सांभाळणं, मोठ्यांचा मान राखणं, पुढे कमावते झाल्यावर आईवडिलांना बघणं हे तुम्हाला कितपत महत्त्वाचं वाटतं? आशियाई आणि लॅटिन अमेरिकी घरांतल्या मुलांनी याला युरोपीय वंशाच्या मुलांपेक्षा बरंच जास्त महत्त्व दिलं. मुलगा असो की मुलगी, घरची परिस्थिती कशीही असो, हा फरक दिसतच होता. अमेरिकेतच जन्मलेल्या मुलांमध्येही तो होता. मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. देश बदलला, शाळा बदलली, तरी घराचं देणं मुलांच्या मनातून सहजासहजी जात नाही.

उरलेलं अर्धं मला जास्त मोलाचं वाटतं. फुलिग्नी आणि तेव्हा त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्या इव्हा टेल्झर यांनी मुलांना १४ दिवस रोज रात्री एक छोटी नोंदवही भरायला लावली. आज घरी काय काय मदत केली, किती वेळ गेला, मन कसं होतं. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. घरकामात वेळ जातो म्हणून मुलं वैतागलेली असतील असं कोणालाही वाटेल. पण ज्या दिवशी घरासाठी काही केलं त्या दिवशी मुलं जास्त आनंदी होती. त्याचं कारणही नोंदींमध्येच होतं. त्या दिवशी आपण चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं भावंड ठरलो असं त्यांना वाटत होतं. पुढे २०१० मध्ये या दोघांनी मेंदूच्या स्कॅनवरही असंच काही पाहिलं. स्वतःच्या वाट्याचे पैसे घरच्यांना देताना लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांच्या मेंदूतला आनंदाशी जोडलेला भाग जास्त जागा होत होता, तर गोऱ्या मुलांमध्ये तो स्वतःला पैसे मिळताना जास्त जागा होत होता.

आता कोणी म्हणेल, म्हणजे पोरांना कामाला जुंपा. तसं मुळीच नाही, आणि ही बाजू न सांगता पुढे जाणं मला पटत नाही. त्याच १९९९ च्या अभ्यासात घराविषयी मध्यम प्रमाणात कर्तव्यभावना असलेल्या मुलांचे गुण सर्वांत चांगले होते. ती भावना सर्वांत तीव्र असलेल्यांचे गुण ती सर्वांत कमी असलेल्यांइतकेच, किंवा त्याहूनही खाली होते. २००९ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात मुलांचं रक्त तपासलं. घरकामाचा भार फार असलेल्या मुलांच्या रक्तात शरीरातला दाह दाखवणारे घटक वाढलेले आढळले. आपण घरातली आपली जबाबदारी नीट पार पाडतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात मात्र हा परिणाम सौम्य होता. काम तेवढंच, पण ‘हे मी करतो म्हणून घर चालतं’ ही जाणीव मुलाला आहे की नाही, यावर शरीराचंसुद्धा काही अवलंबून असतं. आजारी आईचं सगळं एकटीनं निभावणारी सातवीतली मुलगी आणि चतुर्थीला आजोबांच्या बरोबरीनं राबणारा मुलगा यांना एकाच मापानं मोजता येणार नाही.

आपल्याकडे उलटच घडतं. मूल नववी-दहावीत गेलं की घरातली सगळी कामं त्याच्यासाठी बंद होतात. ‘तू फक्त अभ्यास कर.’ पाण्याचा ग्लाससुद्धा टेबलावर येतो. डिचोलीला माझ्या भावाचा मुलगा यंदा दहावीला आहे. आठवीपर्यंत तो आजोबांबरोबर रानात जायचा. कांगण्या, घागऱ्या, कवंडळं ही माटोळीची रानफळं कुठे मिळतात ते त्याला ठाऊक होतं. तोरिंजन कुठल्या शेजाऱ्याच्या परसात आहे, सुपारीचा घोस किती जड घ्यायचा म्हणजे माटोळीची चौकट एका बाजूला कलणार नाही, हेही माहीत होतं. आरतीला घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं बसवलेलं वाद्य, तोच वाजवायचा. गेल्या वर्षी शिकवणीच्या चाचण्या होत्या म्हणून त्याला खोलीत बसवलं. माटोळीचं सामान बाजारातून आलं आणि मजुरांनी बांधलं. तो दार लावून बसला होता. वहिनीच सांगते, अभ्यास काही झाला नाही, मोबाइलच बघत होता.

मला याची खरीच काळजी वाटते. पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाला ‘मी कोण’ हा प्रश्न पडतो. आपण त्या वर्षी त्याला सांगतो, तू म्हणजे तुझे टक्के. २०१९ च्या एका लेखात फुलिग्नींनी मांडलं आहे, की दुसऱ्यांसाठी काहीतरी करणं, आपला हातभार लागणं, ही या वयाची मूलभूत गरज आहे. जाता जाता हेही सांगते, की त्यांच्या गटाच्या २०१३ च्या अभ्यासात झोप मोडून अभ्यास केलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी वर्गात समजायला जास्त अडचण आली आणि चाचण्याही बिघडल्या. म्हणजे ज्या जागरणासाठी आपण त्यांना सगळ्यातून मोकळं करतो, तेही फारसं फळत नाही.

संस्कृतीचंही मला आता असंच दिसतं. जीन फिनी या लॉस एंजेलिसच्याच दुसऱ्या मानसशास्त्रज्ञ. १९८९ साली त्यांनी दहावीतल्या मुलांशी बोलून वांशिक ओळखीच्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी मूल त्याचा विचारच करत नाही, मग शोधाशोध करतं, आणि मग त्याचं त्याला काहीतरी गवसतं. जी मुलं शोधून तिथवर पोचली होती ती मनानं जास्त स्थिर होती. आईबापांनी हातात दिलेली ओळख पुरत नाही, ती मुलानं स्वतः धुंडाळावी लागते.

माझ्या मुलीला मी इथल्या मराठी वर्गात घातलं, बाराखडी गिरवून घेतली. ती गेली, कंटाळली, बाहेर पडली. मग माझी आई सहा महिने राहायला आली. तिची साखर वाढलेली आणि इंग्रजी येत नाही. मी कामावर असल्यामुळे डॉक्टरांकडे सोबत जायचं काम मुलीकडे आलं. आजी घरातलं कोकणी आणि पोथीतलं मराठी मिसळून बोलणार, आणि मुलीनं ते डॉक्टरांना समजावायचं. ‘आजी, चक्कर येते म्हणजे गरगरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते?’ हे तिनं एके दिवशी इतक्या सहज विचारलं, की मी स्वयंपाकघरात थबकले. पुढे तिनं आपणहून आजीकडून आरत्या लिहून घेतल्या, देवनागरीत, चुकतमाकत. वर्गाला जे जमलं नाही ते आजीच्या औषधांनी केलं, कारण मुलीवाचून तिथं खरंच अडलं असतं.

म्हणून भावाला मी एवढंच सांगितलंय. यंदा माटोळी पोराकडे सोपव, आणि नुसती ‘मदत कर’ म्हणून नको. रानातून काय आणायचं, बाजारातून काय घ्यायचं, पैसे किती, चौकट कोण धरणार, सगळं त्यानं ठरवू दे. चुकलं तर आजोबा बघतील. घुमटाचं कातडं सैल झालं असेल तर तेही त्यालाच नीट करून आणू दे. भाऊ अजून ‘बघतो’ म्हणतोय, वहिनी तयार आहे. तुमच्याही घरी दहावीचं मूल असेल, तर शिकवणीच्या सरांना चतुर्थीचे ते चार दिवस आतापासूनच सांगून ठेवा. आयत्या वेळी सांगितलं की ते चाचणी लावतातच.