मुलांच्या ताटातलं माझं पोट

मंगळवार, रात्री

आईंच्या (माझ्या सासूबाईंच्या) हातची मसुराची आमटी मनूने दोनदा मागून घेतली आणि मला वाईट वाटलं. नेमकं कशाचं, हे गावाहून परत आल्यापासून शोधतेय.

पोरीने ताट चाटूनपुसून लख्ख केलं. हात धुवायला नेलं तर मूठ आवळून नाकाशी धरली आणि म्हणाली, "राहू दे ना गं, छान वास येतोय." कांदा-लसूण मसाल्याचा वास. तिकडे कुठल्याही घरात जेवणाच्या वेळेला पाऊल टाका, तो येतोच. आमच्या घरात येत नाही.

एरवी घास घेऊन मागे धावावं लागणारी मुलगी पोटभर जेवली, तर आईला आनंदच व्हायला हवा. झालाही. मग घशाशी काय आलं? हेवा असेल, थोडासा. आई काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. ते जाऊ दे.

हेव्याहून मोठी भीती आहे. माझ्या पोटाला जे सोसतं तेवढीच चव माझ्या मुलांना ठाऊक होणार की काय? पोट बिघडलं माझं आणि पथ्य सगळ्या घराचं होऊन बसलं. आमटीत कांदा नाही, भाजीत लसूण नाही, राजमा-छोले बंद. तशी मुलं पोळी खातात, दूधदुभतं खातात, सगळंच हुकलंय असं नाही. पण चवीचं काय? दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, पुन्हा दुधी. मनूला विचारलं की आज काय करू, तर ती खांदे उडवते. चार वर्षांच्या मुलीला जेवणात काही मागावंसंच वाटत नसेल तर ते बरं नाही.

आणि मी तरी काय करू? सकाळी धाकटा कडेवर असतो. त्याचा मऊ भात आणि वरण मीठ घालायच्या आधी बाजूला काढायचं, कारण तो अजून वर्षाचा व्हायचाय. मनूच्या डब्याला पोळी, मला ज्वारीची भाकरी, अमोलला वरून तिखट. एवढ्यात दुसरी फोडणी घालायला तिसरा हात कुठून आणू? सगळ्यांचं झालं की उरलेलं घेऊन ओट्याशीच उभी राहते. आज पोटात कसं आहे, हे शेवटचं कोणी कधी विचारलं, आठवत नाही. माझी आई कायम म्हणायची, मला भूक नाही, तुम्ही घ्या. तिलाही असंच काही होत असेल का? कधी विचारलंच नाही, आणि आता…

आहाराच्या बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं की हे पथ्य मुलांना लावायचं नाही. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात फॉडमॅपचं (म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या, पोट फुगवणाऱ्या साखरा टाळायचं) हे पथ्य बसवलं गेलं ते आतड्याचा त्रास असणाऱ्यांसाठी. त्यातही कडक पायरी 2 ते 6 आठवड्यांचीच, पुढे एकेक पदार्थ परत आणून बघायचा. कांदा, लसूण, गहू यांत फ्रुक्टन नावाच्या अशाच साखरा असतात. ते कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाहीत, माझ्या नाही तसेच मनूच्याही नाहीत. ते मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर जगतात आणि वायू होतो. मनूला त्याचा पत्ताही लागत नाही. माझं आतडं मात्र जरा ताणलं गेलं की कळवळतं. म्हणजे मला जे छळतं तेच तिच्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं आहे. बाई हे सांगत होत्या तेव्हा मी माझ्याच दुखण्यात होते, नुसती मान डोलावली. परवा मनूची ती आवळलेली मूठ बघितली आणि ते वाक्य आतपर्यंत गेलं.

म्हणून काल रात्री मसूर जास्त भिजत घातले. सकाळी भिजवणाचं पाणी ओतून दिलं (पोट फुगवणाऱ्या साखरा त्या पाण्यात बऱ्याच उतरतात), ताजं पाणी घालून कुकरला लावले आणि शिजल्यावर दोन पातेल्यांत केले.

माझ्या पातेल्याची फोडणी नेहमीची. तेल तापलं की लसणाच्या सोललेल्या अख्ख्या पाकळ्या टाकायच्या. ठेचायच्या नाहीत, बारीक तुकडा मागे राहतो. मंद आचेवर सगळीकडून बदामी होऊ द्यायच्या आणि पाण्याचा थेंब पडायच्या आत झाऱ्याने एकूण एक काढून घ्यायच्या. फ्रुक्टन पाण्यात उतरतात, तेलात नाही. वास मात्र तेलात पुरता उतरतो. मग त्याच तेलात जिरं, हिंग, हळद, थोडे मसूर. वरून पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात. एवढं मला सोसतं, आणि चवीला कमी नाही, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

त्या काढलेल्या पाकळ्या रोज अमोलच्या ताटात जातात. आज त्या सुक्या खोबऱ्याबरोबर मुलांच्या वाटणात घातल्या. पातीचे पांढरे कांदे चिरून तेलावर टाकले, जोडीला एक मोठा कांदाही. कडा तांबूस व्हायला लागल्या आणि तो वास सुटला. किती दिवसांनी हा वास माझ्या कढईतून आला!

मनू बाहेरच्या खोलीतून धावत आली. दारात थबकली आणि म्हणाली, "आजी आली?"

खूप लागलं ते मला. पण तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की रागावणार कोणावर? म्हटलं, "नाही गं, मीच करतेय." तिने स्टूल ओढलं आणि कांदा पूर्ण परतून होईपर्यंत तिथून हलली नाही. लाल तिखट अगदी चिमूटभर घातलं. चव बघायची तर थेंब तळहातावर घेऊन चाटला. बाईंनी सांगितलंय, सगळा खेळ मात्रेचा आहे, चाखण्यापुरतं घेतलं तर घाबरायचं नाही. मीठ बरोबर होतं. पोट आत्तापर्यंत ठीक आहे.

मनूने आजीकडे खाल्ली तेवढी नाही खाल्ली. एक वाटी संपवली आणि म्हणाली, "आजीची जास्त छान आहे." खरंच आहे ते. त्यांच्या मसाल्यात उन्हात वाळवलेल्या मिरच्या असतात, तळून घातलेला कांदा असतो, वर इतक्या वर्षांचा हात असतो. माझ्या एका दिवसाच्या आमटीने तो कसा गाठावा? मला ते आता तेवढं टोचतही नाहीये. मनूने माझ्यापेक्षा चांगलं काही चाखलंय आणि तिला त्यातला फरक सांगता येतो. गेले दोन दिवस मी जिला घाबरत होते ती मुलगी ही नव्हेच.

रोज दोन पातेली जमणार नाहीत. आठवड्यात दोन-तीनदा जमवेन. उरलेल्या दिवशी कांदा वेगळा परतून मुलांच्या वाटीत वरून घालता येईल, तो करून फ्रीजमध्ये ठेवता येतो. आणि माझं स्वतःचं परत आणून बघणं लांबत चाललंय, त्यासाठी बाईंची वेळ घेतली. एका वेळी एकच पदार्थ, थोड्यापासून सुरुवात. पहिला लसूण घ्यायचाय.

संध्याकाळी आईंना फोन केला. मसाला शिल्लक आहे का, मुलांसाठी हवाय, म्हटलं. "अर्धा किलो बाजूला काढलाय की गं, मिरची कमी घातलेला," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोटाचं बघून मी आपणहून देत नव्हते. तू मागायची वाट बघत होते."

अमोल शनिवारी जाणार आहे, तो आणेल.