थंडीचे टायर: नक्षीच्या आधी रबर बघा

थंडीसाठी टायर घ्यायचे म्हटले की बहुतेकांची नजर आधी नक्षीवर जाते. पण खरा फरक रबरात असतो. उन्हाळी टायरचे रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीला धरत नाही. रस्ता कोरडा असला तरी ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. हिवाळी टायरचे रबर गोठणबिंदूच्या खालीही मऊ राहील असेच बनवलेले असते. म्हणून बर्फाची वाट बघू नका. सकाळ-संध्याकाळचा पारा 7 अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की टायर बदला.

नक्षीचे काम त्यानंतर. रबराच्या ठोकळ्यांवर पात्याने कापल्यासारख्या बारीक चिरा दिसतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात. रुंद खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फावर बर्फाची पकड चांगली असते. खाच 4 मिलिमीटरच्या खाली झिजली की बर्फात टायरची ताकद संपत आली समजा. अनेक देशांत कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, पण तिच्यावर हिवाळा काढू नये.

टायरच्या बाजूवर नुसते 'एम+एस' (म्हणजे चिखल आणि बर्फ) असेल तर फसू नका, ते चाचणीशिवायही छापता येते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह मात्र बर्फावरची ठरलेली चाचणी पार केल्यावरच मिळते. टायर कधी बनला त्याची चार आकडी तारीखही वाचा: 3523 म्हणजे 2023 चा 35 वा आठवडा.

माप गाडीच्या पुस्तिकेतलेच घ्या, भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) कमी नको. कंपनीने दोन मापे दिली असतील तर भुसभुशीत बर्फासाठी अरुंद घ्या. अरुंद टायर बर्फ कापत खाली जातो. नुसत्या काचेसारख्या बर्फावर मात्र हिवाळी टायरही घसरतो. तिथे खिळ्यांचे टायर लागतात, तेही नियम परवानगी देत असतील तरच.

चारही टायर बदला, यात तडजोड नको. पुढची चाके गाडी ओढत असली तरी फक्त पुढे हिवाळी टायर घातले, तर वळणावर किंवा ब्रेक लावताना पुढची बाजू धरते, मागची सुटते आणि गाडी गर्रकन फिरते.

हवा टायर थंड असतानाच मोजा. तापमान 10 अंशांनी उतरले की दाब जवळपास 2 पीएसआय घटतो. बाणाची दिशा असलेले टायर उलटे बसले नाहीत ना, ते बघा, आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा.